पूर्वेच्या खिडकीसाठी मोठ्या पानांचं एक झाड सुचवा (घरात मांजर आहे)

पानवेडी:
खोलीला एकच खिडकी, पूर्वेची. सकाळी कोवळं ऊन, नंतर नुसता उजेड. रुंद, देखण्या पानांचं एक झाड हवंय. बजेट झाड आणि कुंडीपुरतंच, दिवे-यंत्रं घेणार नाही. मांजर पानं चावते. कॅलाथिया मनात आहे. अनुभव सांगा.

कुंडीवाला:
डोळे झाकून मॉन्स्टेरा घ्या. माझा छताला टेकलाय! मॉसचा (शेवाळाचा) खांब लावला की हवेतली मुळं त्यात शिरतात आणि पानं मोठी होत जातात. वाढलेल्या झाडाला नवी पानं छिद्रांशिवाय येऊ लागली तर उजेड कमी पडतोय समजा.

झिपरी:
कॅलाथियाच्या वाटेला जाऊ नका. रोज पाणी फवारूनही माझ्या झाडाच्या पानांच्या कडा करपल्या. शेवटी ह्युमिडिफायर (हवा दमट करायचं यंत्र) घेतला, ग्रो लाइटही (झाडांसाठीचा दिवा). आधी यंत्र घ्या, मग झाड.

निवांत:
मॉन्स्टेरा +१

मातीमोल:
फवाऱ्याचा दमटपणा काही मिनिटं टिकतो. कडा करपतात त्या कोरड्या हवेने आणि बरेचदा पाण्यानेही. नळाच्या पाण्यातले क्षार, फ्लोराइड पानांच्या टोकांशी साचतात. रात्रभर बादलीत ठेवून क्लोरीन उडतो, फ्लोराइड नाही. पावसाचं पाणी साठवून घाला.

झिपरी:
फवारल्यावर पानं टवटवीत होतात, मी रोज बघते.

मातीमोल:
धूळ जाते म्हणून. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, लाल कोळी ही कीडही आटोक्यात राहते.

सावली:
स्नेक प्लांट घ्या. हवा शुद्ध करतं, नासानेच सांगितलंय.

मातीमोल:
नासाचा तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला. २०१९ च्या एका आढाव्यात हिशेब मांडलाय: इमारतीत हवेची जी ये-जा असतेच, तिच्याइतकं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील.

सावली:
मला तरी फरक जाणवतो.

मनीमाऊ:
मांजराचं कुणी वाचलंच नाही का? मॉन्स्टेरा, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग, लाळ, उलट्या. स्नेक प्लांटही बाधतं. अरेका पाम घ्या, मांजराला निर्धोक. कॅलाथियाही निर्धोक, पण नखरेल. पहिलं झाड म्हणून नकोच.

कुंडीवाला:
माझं मांजर मॉन्स्टेराला तोंडही लावत नाही. उंचावर ठेवा.

मनीमाऊ:
छताला टेकलेलं झाड आणखी कुठे उंच ठेवायचं?

निवांत:
अरेका +१. स्नेक प्लांटही छान.

पानवेडी:
सगळ्यांचे आभार. मॉन्स्टेरा मांजरामुळे बाद. अरेकाची पानं बारीक, मला रुंदच हवीत. म्हणून कॅलाथिया ऑर्बिफोलिया आणली. चंदेरी पट्टे फार सुंदर आहेत! खिडकीपासून जरा आत ठेवलीय, थेट ऊन पडत नाही. पाणी पावसाचंच घालणार.

मातीमोल:
छान. आल्याआल्या कुंडी बदलू नका. वरची माती बोटाला सुकी लागली की भरपूर पाणी घाला, बशीत साचलेलं ओतून टाका. आणि कुंडीच्या तळाशी खडे नकोत. त्यांनी निचरा सुधारत नाही, उलट ओल मुळांच्या आणखी जवळ साचते.

कुंडीवाला:
मी कायम खडे घालतो. मॉन्स्टेरा छताला टेकलाय.

झिपरी:
ह्युमिडिफायर लागेलच. लागला की इथेच विचारा, मॉडेल सांगते.