मोशेने देवाचे मुख पाहिले होते का?

प्रश्न : बायबलमधील निर्गम या पुस्तकात ३३:११ नुसार परमेश्वर संदेष्टा मोशे याच्याशी मित्राप्रमाणे समोरासमोर बोलत असे, परंतु २०व्या वचनात त्याचे मुख पाहून कोणीही जिवंत राहू शकत नाही असे म्हटले आहे, यांचा मेळ कसा घालावा?

उत्तर १ : माझ्या मते पहिले वचन संभाषणातील जवळिकीविषयी आहे, तर दुसरे मोशेने देवाचे तेज पाहण्याची विनंती केल्यावरचे उत्तर आहे, म्हणूनच त्याला खडकाच्या भेगेत ठेवून केवळ पाठमोरे दर्शन दिले जाते.

उत्तर २ : मग इस्राएलांचा पूर्वज याकोब याचे काय? यब्बोक नदीपाशी एका पुरुषाशी पहाटेपर्यंत झोंबी करून, जांघेचा सांधा निखळल्यावर, देवाला समोरासमोर पाहूनही आपला जीव वाचला याचेच त्याला नवल वाटते (उत्पत्ती ३२).

उत्तर ३ : हागार मात्र नेहमीच चर्चेबाहेर राहते. ती अब्राहामाच्या पत्नीची मिसरी दासी, शूर नावाच्या प्रदेशाच्या वाटेवरील झऱ्यापाशी एकटी, आणि तरीही देवाला ‘मला पाहणारा देव’ असे नाव देण्याचे धाडस तीच करते (उत्पत्ती १६).