अर्ध्या जुळणीच्या दात्याकडून बोन मॅरो ट्रान्सप्लांट : संशोधन नेमके काय सांगते?

धाकटी

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला (वय ४६) काही महिन्यांपूर्वी ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचे (रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकाराचे) निदान झाले. इंडक्शन म्हणजे पहिल्या टप्प्याची केमोथेरपी पुण्यातच झाली आणि सध्या तो रेमिशनमध्ये आहे, म्हणजे नेहमीच्या तपासण्यांत आजार दिसत नाही. परंतु जनुकीय तपासणीनुसार तो अधिक जोखमीच्या गटात मोडत असल्याने केवळ केमोथेरपीवर न थांबता बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावा, असे डॉक्टरांचे मत आहे. आम्ही दोनच भावंडे असून माझी एचएलए (पेशींवरील ओळखखुणांची) जुळणी अर्धीच निघाली. दादाचा मुलगा २० वर्षांचा आहे, त्याचीही अर्धीच. नोंदणी केलेल्या परक्या दात्यांमध्ये पूर्ण जुळणारे कोणी अद्याप मिळालेले नाही, आणि डॉक्टर म्हणतात की आणखी वाट न पाहता मुलाच्या पेशी घ्याव्यात.

घरात यावरून बरीच मतमतांतरे आहेत. आमच्या काकांच्या मते निम्मे न जुळणारे शरीरात घालणे म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणे. मावसबहिणीने मुलीच्या जन्मावेळी नाळेतले रक्त एका खाजगी पेढीत पैसे भरून साठवले आहे आणि ते देण्याची तिची मनापासून तयारी आहे. वहिनींना मुलाच्या प्रकृतीची धास्ती वाटते. उपचाराचा निर्णय डॉक्टरच घेतील, पण अर्ध्या जुळणीवर आजवर काय काम झाले आहे आणि तिच्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी समजावून सांगितल्यास घरच्यांशी बोलणे सोपे जाईल.

पेशीपुराण

धाकटीताई, मी डॉक्टर नाही. गणेशखिंडीच्या परिसरात अनेक वर्षे रोगप्रतिकारशास्त्र शिकवले, तेवढ्या अधिकारानेच लिहितो.

एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि बहुधा एका गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीकडे जातात. एक गठ्ठा वडिलांकडून, एक आईकडून. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धे जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते. आईवडील आणि मुले मात्र किमान अर्धी जुळतातच. जगभरातल्या नोंदवह्यांत मिळून ४ कोटींहून अधिक दाते असले तरी त्यांतले बहुसंख्य युरोपीय वंशाचे आहेत, आणि आपल्याकडच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळणे त्यामुळेच अवघड जाते. एकत्र कुटुंबातही भावंडे दोन-तीनच असण्याच्या या काळात अर्धी जुळणी हा आपल्या देशासाठी मुख्य मार्गच ठरतो आहे.

काकांची भीती निराधार नाही. पूर्वी असे प्रत्यारोपण केल्यास दात्याच्या टी पेशी (परक्याला ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर तुटून पडत. यालाच जीव्हीएचडी म्हणतात. १९९० च्या दशकात इटलीतील पेरूजा येथील गटाने टी पेशी जवळजवळ पूर्ण काढून टाकून त्याऐवजी मूलपेशींची (ज्यांपासून नवे रक्त तयार होते त्यांची) मात्रा प्रचंड वाढवली. जीव्हीएचडी आटोक्यात आला, पण प्रतिकारशक्ती इतक्या सावकाश परतू लागली की रुग्ण संसर्गाने दगावत. खरा बदल घडला तो अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून. तेथील लुझनिक, फुक्स आदींनी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनेच, स्वस्त औषध पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी द्यायला सुरुवात केली. नव्या शरीरात आल्याबरोबर ज्या टी पेशी खवळून वेगाने वाढू लागतात, त्या नेमक्या या वेळी औषधाच्या तडाख्यात सापडतात. मूलपेशींमध्ये मात्र औषध निष्प्रभ करणारे विकर (एन्झाइम) भरपूर असल्याने त्या तग धरतात. (हे स्पष्टीकरणही आता थोडे बदलले आहे. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की खवळलेल्या सगळ्याच टी पेशी मरत नाहीत. त्यातल्या पुष्कळशा पांगळ्या होतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी टिकून राहतात. औषध चालते हे आधी कळले, ते कसे चालते हे अजून उलगडतेच आहे.) पेशी दिल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दादांना सडकून ताप आला, तर घरचे घाबरतील. डॉक्टर संसर्गाच्या तपासण्या करतीलच, पण अर्ध्या जुळणीत असा ताप पुष्कळदा टी पेशींच्या याच खवळण्यामुळे येतो आणि सायक्लोफॉस्फामाइडनंतर उतरतो.

आकड्यांचे म्हणाल तर २०१५ मध्ये याच आजाराच्या रुग्णांची एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. पूर्ण तीव्रतेच्या कंडिशनिंगनंतर (म्हणजे पेशी देण्यापूर्वीच्या तयारीच्या उपचारानंतर) तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अर्ध्या जुळणीत ४५ टक्के आणि पूर्ण जुळणाऱ्या परक्या दात्यांत ५० टक्के होते; सौम्य कंडिशनिंगमध्ये ४६ आणि ४४ टक्के. हे फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण ठरले नाहीत, आणि दीर्घकालीन जीव्हीएचडी तर अर्ध्या जुळणीच्या गटातच कमी होता. ही नोंदवह्यांवर आधारलेली तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी नव्हे, त्यामुळे तिला तेवढेच वजन द्यावे. पण हे तंत्र आता उलट पूर्ण जुळणीच्या रुग्णांकडेही गेले आहे, हे मला अधिक बोलके वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या) चाचणीत, पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण जुळणाऱ्या दात्यांच्या बाबतीतही, गंभीर जीव्हीएचडी आणि रिलॅप्स (आजार उलटणे) दोन्ही टाळून एक वर्ष पार करणारे रुग्ण सायक्लोफॉस्फामाइडच्या गटात ५२.७ टक्के होते, तर जुन्या औषधांच्या गटात ३४.९ टक्के.

नाळेच्या रक्ताविषयी स्पष्टच लिहितो. एका पिशवीतील पेशी प्रौढ माणसाला सहसा अपुऱ्या पडतात, त्या रुजायला वेळ लागतो, आणि मावसबहिणीच्या मुलीची जुळणी दादांशी असेलच असे मुळीच नाही. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत, अमेरिकेत २०२३ मध्ये तशा एका उत्पादनाला मान्यताही मिळाली, आणि रक्ताच्या मूलपेशी गोठवणे व वाढवणे यांवर आपल्या पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही दीर्घकाळ काम झाले आहे. पण घरात दोन निरोगी दाते हाताशी असताना तिकडे वळण्याचे कारण दिसत नाही. स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेचे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, असे आयसीएमआरचे (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे) म्हणणे आहे. पालकांच्या काळजीवर चालणाऱ्या या जाहिरातबाजीचा मला मनस्वी राग येतो.

आता तुम्ही की मुलगा? दाता तरुण असणे चांगले, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आले आहे. शिवाय दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असल्यास, विशेषतः तिला मुले झालेली असल्यास, जीव्हीएचडीची शक्यता वाढते, कारण पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरील प्रथिने तिच्या टी पेशींना परकी वाटतात. डॉक्टरांनी मुलाची निवड केली ती बहुधा याच विचाराने.

रक्तपेढीवाला

वहिनींसाठी लिहितो, कारण दात्यांना रोज खुर्चीत बसवण्याचे काम आमच्याकडेच असते. मुलावर शस्त्रक्रिया होणार नाही. चार-पाच दिवस जीसीएसएफ या औषधाची इंजेक्शने घ्यावी लागतात, त्यामुळे मूलपेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर आणि मांड्यांची हाडे ठणकतात, पॅरासिटामॉलने बहुतेकांचे भागते. त्यानंतर एका हातातून रक्त मशीनमध्ये जाते, हव्या त्या पेशी पिशवीत गोळा होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत जाते. चार-पाच तास हात फारसे हलवता येत नाहीत, हीच मुलांची मोठी तक्रार असते, कारण मोबाइल धरता येत नाही. रक्त गोठू नये म्हणून वापरतात त्या द्रवामुळे ओठांना मुंग्या येतात, तेव्हा कॅल्शियम देतात.

एक गोष्ट मात्र आजपासूनच पाळा. दादांना प्लेटलेट्स लागल्या की घरचेच लोक 'माझ्या घ्या' म्हणून धावत येतात. तुम्ही, दादांचा मुलगा किंवा आणखी कुणी जवळच्या रक्ताच्या नात्यातल्यांनी एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनने घेतलेल्या प्लेटलेट्स) किंवा रक्त देऊ नये. त्यामुळे दादांच्या शरीरात दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होऊ शकतात आणि मग नव्या पेशी रुजत नाहीत. मित्रमंडळी, गणेश मंडळाची मुले, ऑफिसातले सहकारी यांना बोलवा. आजवर इतक्या पिशव्या चढल्या असतील, तेव्हा अशी प्रतिपिंडे आधीच आहेत का, याची तपासणी झाली असल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. विकिरण केलेल्याच (किरणांनी टी पेशी निष्क्रिय केलेल्या) पिशव्या द्यायच्या, हे तर वॉर्डात पाळले जातेच.

धाकटी

दोघांचेही मनापासून आभार. वहिनींना रक्तपेढीवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या बऱ्याच निवांत झाल्या. आता एकच शंका उरते. दात्याच्या पेशी परक्या असल्यामुळेच त्या कॅन्सरवरही हल्ला करतात, असे डॉक्टर म्हणाले. मग अर्ध्या जुळणीत त्या अधिक परक्या असल्याने आजार उलटण्याची शक्यता कमी व्हायला नको का?

लकडीपूल

प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. माझा पीएचडीचा विषय याच्या आसपासचा असल्याने उत्तर देण्याचे धाडस करतो.

ट्रान्सप्लांटमध्ये केमोथेरपी जेवढे काम करते, तेवढेच किंबहुना अधिक काम दात्याची प्रतिकारशक्ती करते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हुबेहूब जुळ्या भावंडाकडून पेशी घेतलेल्या रुग्णांमध्ये ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. जुळणी इतकी परिपूर्ण की कॅन्सरला कोणी परका मानायलाच तयार नाही. त्याच वर्षी म्युनिकच्या कोल्ब यांनी ट्रान्सप्लांटनंतर उलटलेल्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांना मूळ दात्याच्या लिम्फोसाइट पेशी (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) देऊन आजार पुन्हा मागे हटवल्याचे दाखवले.

त्यामुळे तुमचा तर्क बरोबर आहे, पण ल्युकेमियाही गप्प बसत नाही. २००९ मध्ये मिलानमधील संशोधकांनी दाखवले की अर्ध्या जुळणीनंतर आजार उलटलेल्या काही रुग्णांच्या ल्युकेमिया पेशींनी, दात्याशी न जुळणारा एचएलएचा गठ्ठाच टाकून देऊन जुळणाऱ्या गठ्ठ्याची दुसरी प्रत जागी बसवली होती. ज्या खुणेवरून दात्याच्या टी पेशी त्यांना ओळखत होत्या, ती खूणच नाहीशी झाली. अशा रुग्णाला त्याच दात्याच्या लिम्फोसाइट देऊन फारसा उपयोग होत नाही, आणि दुसऱ्यांदा ट्रान्सप्लांट करायचा झाल्यास कॅन्सरने राखून ठेवलेला गठ्ठा ज्याच्याकडे नाही, असा दाता शोधतात.

म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. पहिली, ट्रान्सप्लांटपूर्वी एमआरडी म्हणजे सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा उरलेला आजार किती आहे. तो जितका कमी, तितका रिलॅप्सचा धोका कमी. ल्युकेमिया पेशींच्या एफएलटी३ जनुकात बदल असेल तर ट्रान्सप्लांटनंतर त्याला रोखणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, याचा विचारही त्यावर अवलंबून राहतो. त्याविषयीच्या एका मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांमध्ये स्पष्ट फायदा सिद्ध झाला नाही, पण ज्यांच्यात एमआरडी सापडला होता त्यांना लाभ दिसला. दुसरी, तुम्ही आणि मुलगा दादांशी एकाच गठ्ठ्याने जुळता की वेगवेगळ्या. मुलाकडे दादांचा एक गठ्ठा असेल आणि तुमच्याकडे दुसरा, तर मुलाच्या पेशींना चुकवून आजार उलटलाच तरी तुमच्या पेशी त्याला ओळखू शकतील. तुमच्या एचएलए रिपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवा, आणि रक्तपेढीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे स्वतःचे रक्त दादांना देऊ नका.