गिलियन वेल्च : शब्द स्वतःचे, दुःख उसनं?

जुना_रेडिओ :
अमेरिकाना, म्हणजे जुन्या अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाचं संगीत, ऐकणाऱ्यांनी डोक्यावर घेतलेला गिलियन वेल्चचा 'टाइम (द रेव्हलेटर)' हा २००१ चा अल्बम तीनदा ऐकला. आवाज सुंदर, त्यावर वाद नाही. पण बाई जन्मल्या न्यूयॉर्कला, वाढल्या लॉस एंजेलिसला, दत्तक आईवडील टीव्हीवरच्या 'कॅरल बर्नेट शो'साठी संगीत लिहिणारे, शिक्षण बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात. आणि गाणार अमेरिकेतल्या ॲपलॅचियन डोंगरातल्या जुन्या गरिबासारखं! गाणी स्वतःची असतील, दुःख उसनं आहे. इस्त्री केलेलं घोंगडं.

तिसरी_घंटा :
सपशेल असहमत. हा आक्षेप १९९६ मध्ये तिचा पहिला अल्बम आला तेव्हापासूनचा आहे. तेव्हा त्यात थोडं तथ्य होतं. तुम्ही तो नेमका चुकीच्या अल्बमवर आणून आदळलात. यातलं 'एव्हरीथिंग इज फ्री' ऐका. त्या काळात लोक नॅपस्टरवरून गाणी फुकट उतरवून घेत होते. पैसे मिळोत न मिळोत, गाणं काही सुटणार नाही, हे गाणाऱ्याला पक्कं माहीत आहे आणि फुकट घेणाऱ्यालाही. यात डोंगर कुठे आला? आधीचे दोन अल्बम आल्मो साउंड्स या कंपनीचे. हा तिने आणि तिचा संगीतातला जोडीदार डेव्हिड रॉलिंग्जने स्वतःच्या अकोनी रेकॉर्ड्स या कंपनीतर्फे काढला. अडचण तिची स्वतःची आहे.

जुना_रेडिओ :
बरं, मग याच अल्बममधलं १४ एप्रिलवालं गाणं घ्या. लिंकनवर गोळी १८६५, टायटॅनिकला धडक १९१२, ओक्लाहोमाकडचं धुळीचं वादळ १९३५. तारीख एकच म्हणून तिन्ही एका माळेत. हुशारी आहे, पण ही ग्रंथालयातली धूळ. नाकातोंडात गेलेली नव्हे.

सोलापुरी_चादर :
मग आमचे राम जोशी? ब्राह्मणाघरचा माणूस, लावण्या रचल्या. त्यांना कुणी दाखला मागितला?

जुना_रेडिओ :
त्यापायी त्यांचं घर सुटलं असं सांगतात. किंमत मोजली होती.

तिसरी_घंटा :
म्हणजे घर सुटल्याशिवाय गाणं खरं नाही? आणि ते १४ एप्रिलवालं तुम्ही अर्धंच ऐकलंत. त्यात आजचा एक फुटकळ कार्यक्रम आहे : पाच बँड, दोन डॉलर तिकीट, आयडाहोहून आलेली पोरं. टायटॅनिक बुडतंय आणि इकडे हे अर्धपोटी वाजवणारे. शेतकरी असल्याचं सोंग तिने घेतलेलंच नाही. ती त्या पोरांच्या शेजारी उभी आहे.

भाकरवडी :
तुमचं चालू द्या. माझी तक्रार वेगळी : नाव एकटीचं का? लेखनात रॉलिंग्ज, निर्माता रॉलिंग्ज, आणि ती १९३५ ची एपिफोन गिटारही त्याचीच. ड्रम नाहीत, बास नाही. दोन गळे आणि दोघांच्या हातातली वाद्यं, बस्स. एक थेट कार्यक्रमातलं गाणं सोडलं तर बाकी ध्वनिमुद्रण नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये, जिथे एल्व्हिस गायचा. आणि अल्बमात एक गाणं खुद्द एल्व्हिसवर! ते ऐकताना माझ्या तर अंगावर काटा येतो.

तिसरी_घंटा :
नावाबद्दल +१.

जुना_रेडिओ :
दोन डॉलरचं तिकीट कानातून निसटलं, मान्य. पण शेवटचं साडेचौदा मिनिटांचं गाणं? मध्येच उठून चहा टाकला, गाळून परत आलो तरी चालूच.

तिसरी_घंटा :
चहा आधी करून बसायचं.