नुसती कॅरिअर असून फॅक्टर आठ २२ टक्के कसा?

रानजाई: बाबांना सिव्हिअर हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार), त्यामुळे मी कॅरिअर (बिघडलेला जीन वाहणारी) हे लहानपणापासून माहीत, पण "मुलींना काही होत नाही" हेच ऐकत मोठी झाले. परवा अक्कलदाढ काढली आणि रात्रभर कापूस बदलत बसले, उशीचा अभ्रा लाल. टेस्ट केली तर फॅक्टर आठ (रक्त गोठवणारं प्रथिन) २२ टक्के, नॉर्मल म्हणे ५० ते १५०. डॉक्टर "एक्सचं स्क्यूइंग असेल" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कुणी नीट सांगेल का?

तिरंगी_मांजर: बाईच्या पेशीत एक्स क्रोमोसोम दोन, पण चालू एकच, दुसरा गुंडाळून ठेवलेला (त्यातले काही जीन्स चुकारपणे चालू राहतात ते सोडा). गर्भ जेमतेम काही दिवसांचा असताना प्रत्येक पेशी चिठ्ठी काढते, आईकडचा बंद की वडिलांकडचा, आणि मग तिच्या सगळ्या पिलावळीत तेच चालतं. मेरी लायन या जनुकशास्त्रज्ञ बाईंनी १९६१ ला मांडलं हे. तिरंगी मांजरीचे काळे-भगवे ठिपके म्हणजे हेच. तेव्हा पेशी मोजक्याच असतात ना, मग एखादीच्या चिठ्ठ्या एकाच बाजूला पडतात, साधारण ८०:२० च्या पुढे गेलं की स्क्यू. फॅक्टर आठचा जीन एक्सवरच असतो, तेव्हा तुमच्यात बाबांकडचा, बिघडलेल्या जीनचा एक्सच जास्त चालू राहिला असणार.

लॅबवाला: असेल, पण आधी व्हॉन विलेब्रांड फॅक्टर (आठला रक्तात टिकवून धरणारं प्रथिन) बघितला का? तो कमी असला तरी आठ खाली येतो. आणि स्क्यूची टेस्ट बहुतेक रक्ताच्या पांढऱ्या पेशींवर करतात, आठ बनतो मुख्यतः लिव्हरमध्ये, तिथलं प्रमाण वेगळं असू शकतं, त्यामुळे त्या टेस्टवर पैसे घालवण्यापेक्षा २२ हा आकडा धरून चाला. ४० च्या खाली म्हणजे माइल्ड हिमोफिलियाच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, दात काढायचा असला तरी आधी हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारांचे डॉक्टर).

रानजाई: मग माझ्या मुलीलाही असंच?

लॅबवाला: तो एक्स तिच्याकडे जायची शक्यता निम्मी, गेला तरी चिठ्ठ्या तिच्या नव्याने. मुलगा झाला आणि त्याला तो मिळाला तर मात्र २२ नाही, आजोबांसारखं सिव्हिअर.

रानजाई: अरे देवा, धाकटी बहीण! तिचं तर कुणी काहीच तपासलं नाही, पुढच्या महिन्यात डिलिव्हरी आहे.

लॅबवाला: वडील तेच, म्हणजे तीही कॅरिअर. आजच तिच्या डॉक्टरांना कळवा ताई. आणि आता आठ नॉर्मल आला तरी हुरळून जाऊ नका, गरोदरपणात तो चढतो, बाळंतपणानंतर परत उतरतो, रक्तस्राव तेव्हा होतो.