शोधनिबंधात पत्रे, मुलाखती आणि जुनी वृत्तपत्रे यांचे संदर्भ कसे द्यावेत?

शोधयात्री

नमस्कार. सामाजिक इतिहासावरील माझा पहिला शोधनिबंध पूर्ण होत आला आहे आणि आता संदर्भांपाशी अडलो आहे. नियतकालिकाने शिकागो पद्धतीच्या, म्हणजे ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या संदर्भलेखनाच्या मार्गदर्शक ग्रंथातील नियमांप्रमाणे, तळटिपा मागितल्या आहेत. छापील पुस्तकांच्या टिपा मला नीट जमतात. परंतु माझा अर्धा पुरावा पुस्तकांतला नाही. अभिलेखागारातील खासगी पत्रे आहेत आणि त्यांपैकी काहींवर तारीखच नाही. मी स्वतः घेतलेल्या पाच मुलाखती आहेत, एका जुन्या वृत्तपत्राचे संगणकावर पाहिलेले अंक आहेत, आणि एक महत्त्वाचे अवतरण असे आहे की जे मला मूळ ग्रंथात नव्हे, तर नंतरच्या एका अभ्यासकाच्या पुस्तकात मिळाले. या सर्वांना एकच साचा लावू गेल्यास प्रत्येक ठिकाणी काहीतरी रिकामे राहते. अशा वेळी काय करावे?

जीर्णपाने

साचा रिकामा राहतो, कारण तो पुस्तकासाठी घडवलेला आहे. आपण जी वस्तू प्रत्यक्ष पाहिली, तिच्यापर्यंत अनोळखी वाचकाला पोहोचता येईल का, एवढेच प्रत्येक टिपेला विचारावे. मग कोणता तपशील हवा हे बहुतेक वेळा आपोआप ठरते.

पत्रांची टीप नेमक्या पत्रापासून सुरू होऊन बाहेरच्या दिशेने जाते: अमुक यांचे तमुक यांना पत्र, तारीख, मग पेटी व फाइल क्रमांक, संग्रहाचे नाव आणि शेवटी अभिलेखागाराचे नाव व गाव. संदर्भसूचीत मात्र सुटी पत्रे येत नाहीत. एका संग्रहातील अनेक पत्रे वापरली असतील, तर तेथे संपूर्ण संग्रहाची एकच नोंद होते. तारीख नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि मजकुरावरून वर्षाचा अंदाज बांधता येत असेल तर ते वर्ष चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह द्यावे, म्हणजे तो अंदाज आपला आहे, पत्रलेखकाचा नव्हे, हे वाचकाला कळते. माझ्या पहिल्या निबंधाच्या वेळी मी पत्रांची छायाचित्रे घेतली, पण फाइलच्या वेष्टनाचे छायाचित्र घेण्याचे राहून गेले. वर्षभराने क्रमांक आठवेना आणि निबंधातील सर्वांत बोलके पत्र मला गाळावे लागले. तेव्हापासून मी आधी वेष्टन टिपतो आणि मगच पत्राला हात लावतो.

वृत्तपत्राच्या बाबतीत मथळा, वृत्तपत्राचे नाव आणि पूर्ण तारीख आवश्यक आहे. एकाच दिवसाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत तीच बातमी वेगळ्या पानावर असू शकते, म्हणून शिकागो पद्धतीत पृष्ठक्रमांक गाळला तरी चालतो. तो द्यायचाच असेल, तर अंकावर छापलेला द्यावा. पडद्यावरील फाइलचा क्रमांक मुखपृष्ठापासून मोजला जातो, त्यामुळे तो अनेकदा छापील क्रमांकाशी जुळत नाही, आणि ही चूक अनुभवी लेखकांकडूनही होते. अंक ज्या डिजिटल संग्रहात पाहिला त्याचे नावही जोडावे. जुन्या अंकांच्या प्रतिमांत पाने गहाळ असतात किंवा कडा कापल्या गेलेल्या असतात, आणि आपण नेमके काय पाहिले हे त्यावरून समजते.

मौखिक

मुलाखतींबद्दल थोडे सांगते, कारण माझे बहुतेक काम त्यांवरच आहे. आपण स्वतः घेतलेली अप्रकाशित मुलाखत शिकागो पद्धतीत साधारणपणे केवळ तळटिपेत येते: बोलणाऱ्याचे नाव, ‘लेखकाने घेतलेली मुलाखत’, स्थळ आणि तारीख. एमएलए पद्धतीत (भाषा-साहित्याच्या अभ्यासात रूढ) तीच मुलाखत सूचीतही नोंदवतात, तर एपीए पद्धतीत (मानसशास्त्र व समाजविज्ञानांत रूढ) संशोधनातील सहभागींच्या शब्दांसाठी सूचीत नोंद करत नाहीत. ध्वनिमुद्रण पुढे एखाद्या अभिलेखागाराकडे सोपवले, तर त्याचा संदर्भ तेथील इतर कागदपत्रांसारखाच द्यावा.

नाव छापण्याची संमती नसेल, तर बदललेले नाव वापरल्याचे पहिल्याच टिपेत सांगा. टीप पूर्ण दिसावी म्हणून कोणाची ओळख उघड करू नका. त्या माणसाने विश्वासाने आपल्याला वेळ दिलेला असतो.

शोधयात्री

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फाइलचे क्रमांक आजच पुन्हा तपासतो. त्या उसन्या अवतरणाचे मात्र काय करावे? मूळ ग्रंथ दुसऱ्या भाषेत आहे आणि मी त्याचा अनुवादच वाचू शकतो.

समासलेखन

प्रथम मूळ ग्रंथ, निदान त्याचा प्रकाशित अनुवाद, मिळवण्याचा मनापासून प्रयत्न करावा. नंतरचा अभ्यासक आपल्या युक्तिवादाला लागेल तेवढेच वाक्य उचलतो, आणि गाळलेल्या भागात लेखकाने स्वतःच्या विधानाला घातलेली मर्यादा असू शकते. मूळ मिळालेच नाही, तर टिपेत आधी मूळ ग्रंथाचा तपशील द्यावा आणि पुढे ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहून त्या ग्रंथाचे पृष्ठ द्यावे. दुय्यम ग्रंथ वाचून टीप केवळ मूळ ग्रंथाची देणे योग्य नाही, कारण तेथील मुद्रणदोषसुद्धा आपण मूळ लेखकाच्या माथी मारतो. अनुवाद वापरल्यास अनुवादकाचे नाव टाळू नये. आपण उद्धृत करतो ते शब्द त्याचे असतात.

प्राचीन ग्रंथांना पृष्ठक्रमांक पुरत नाही. प्लेटोच्या संवादांसाठी १५७८ च्या आवृत्तीची पृष्ठे आणि उपविभागांची अक्षरे आजही वापरतात, ॲरिस्टॉटलसाठी १८३१ मध्ये सुरू झालेल्या बर्लिन आवृत्तीचे क्रमांक. त्यामुळे कोणत्याही भाषेतील अनुवादात तोच उतारा सापडतो. अध्याय आणि श्लोक देण्याची आपली रीत याच कारणाने टिकली आहे.

आणखी एक गोष्ट. मसुद्यात ‘तत्रैव’ (म्हणजे ‘लगेच आधीच्या टिपेतील त्याच ग्रंथात’) लिहू नका. मध्ये एक नवी तळटीप घातली की तो शब्द भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. शिकागोच्या २०१७ मधील १७ व्या आवृत्तीनेही त्याऐवजी लेखकाचे आडनाव, आखूड शीर्षक आणि पृष्ठ अशा लघुसंदर्भाला पसंती दिली आहे.