एकेक बोट मिटत नसेल तर
अडीच-तीन वर्षांच्या मुलांना ‘पाच पानं’ हे बोटांवर मोजायचं गाणं म्हणताना एकेक बोट मिटता येत नाही, अशी काहींची अडचण असते. येणारच नाही! अनामिका तर मोठ्यांचीही एकटी धड हलत नाही. तिच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) शेजारच्या बोटांशी जोडलेल्या असतात. या वयात अख्खा पंजाच पान करा. हात वर, बोटं फडफडवत हळूहळू खाली:

वारा आला भिरभिर भिरभिर,
पान निघालं गिरगिर गिरगिर,
खाली आलं... टप!

‘टप’च्या आधी मुद्दाम थांबा, सगळी मजा तिथेच आहे. (बेसूर गायलात तरी चालतं.) मोजणी हवीच असेल तर दुसऱ्या हाताने बोट धरून मिटू द्या.