लेदर जॅकेटला बुरशी आलीय, मदत हवी आहे

मंडळी, बाइकवर घालायचं लेदर जॅकेट चार महिने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलं. चूक माझीच. काल काढलं तर कॉलरच्या आत आणि शिवणींवर पांढरी बुरशी, कोपरापाशी चामडं पुठ्ठ्यासारखं कडक. कोपर-खांद्याचे संरक्षक पॅड काढलेत, बुरशी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडलीय, आता सावलीत टांगलंय. उन्हात घालायचा मोह आवरला. मागे ग्लोव्हज तसे वाळवले, ते आखडून बसले.

आता पुढे काय? आधी पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसू की थेट सॅडल सोप (चामडं साफ करायचा साबण)? बारीक छिद्रांच्या भागावर लेदर कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं क्रीम) लावलं तर छिद्रं बुजतात का? अस्तराचा घामट वासही जात नाहीये. बूट पॉलिश मात्र सुचवू नका, मागच्या वेळी सगळं पँटला लागलं!